बावीस घटकांचं क्रीम

खोकी छापणाऱ्या त्या छापखान्यात तिला सगळे स्वल्पविराम म्हणत. औषधं, साबण, क्रीम, सगळ्यांच्या खोक्यांवरचा मजकूर छपाईला जाण्याआधी तिच्या टेबलावरून जाई, आणि तिथून चुकीच्या जागी बसलेला एकही स्वल्पविराम आजवर पुढे सरकला नव्हता. तिची पद्धत जुन्या तपासनिसांची होती. मजकूर शेवटच्या शब्दापासून मागे मागे वाचत यायचं. सरळ वाचलं की अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की डोळे पळत सुटतात, असं तिचं म्हणणं. बारा वर्षं तिने कशाचाही अर्थ लागू दिला नव्हता. मालक तिच्यावर खूश होते.

शनिवारी दुपारी एका नाइट क्रीमचं खोकं आलं. ओळखीचंच. ते क्रीम ती स्वतः दोन वर्षं लावत होती आणि त्याची घटकांची यादी तिने निदान पंधरा वेळा तपासली होती. या खेपेला कंपनीने खाली एक ओळ वाढवली होती. तिने ती शेवटून तपासली. शुद्धलेखन निर्दोष होतं. सही करून खोकं पुढे पाठवलं आणि ती घरी निघाली. बसथांब्यावर उभी असताना ती ओळ तिच्या डोक्यात आपोआप सरळ झाली. गरोदर स्त्रियांनी वापरू नये.

तिला आठवा आठवडा चालू होता. आदल्या रात्रीसुद्धा तिने ते क्रीम लावलं होतं, गळ्यापर्यंत.

घरी तिने ही बातमी शांतपणे सांगितली. तिचा नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, आणि कुठल्याही संकटात आधी मेन स्विच बंद करावा असं त्याचं ठाम मत होतं. त्याला घरात स्विच सापडेना. सासूबाई मात्र तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या सांभाळून निवृत्त झालेल्या. असा प्रसंग त्यांच्या पुऱ्या नोकरीत कधी आला नव्हता. त्या लगेच बाथरूममध्ये गेल्या, क्रीमची डबी खालच्या कचरागाडीत टाकून आल्या, आणि उरलेल्या सामानाच्या फळीला चिकटपट्टी लावून त्यावर कागद डकवला : धोका. हात लावू नये.

"आई, त्यात टूथपेस्ट आहे," नवरा म्हणाला.

"असू दे. रसायनच ते."

"आणि माझं दाढीचं क्रीम? मी गरोदर नाहीये."

"तू तिच्याशेजारी झोपतोस."

तो फोन घेऊन बसला. क्रीम इंटरनेटवर सापडलं, पण कंपनी छोटी होती आणि डबीचा फोटो फक्त समोरून काढलेला. मागचा मजकूर दिसेना. डबी गेलेली, छापखाना सोमवारपर्यंत बंद.

"पाठ आहे मला," ती म्हणाली. "लिही."

तिने बावीसच्या बावीस घटक घडाघडा सांगितले. नवरा लिहीत गेला आणि बायकोकडे नव्या आदराने बघत राहिला. मग त्याने फोनवर एकेक नाव तपासायला घेतलं. एकोणीस नावं निर्धोक निघाली, दोन नावांबद्दल जगाचं एकमत नव्हतं, आणि एक होतं रेटिनॉल. त्यापुढे सगळीकडे लिहिलं होतं, गरोदरपणात टाळा.

"थांब, अजून एक गोष्ट आहे," तो म्हणाला. "यादी प्रमाणाप्रमाणे असते. जे सगळ्यात जास्त ते पहिलं."

तिघांनी मिळून कागद बघितला. रेटिनॉल तिसरं होतं.

ती उठून तोंड धुऊन आली, साध्या पाण्याने, आणि थोड्या वेळाने पुन्हा धुऊन आली. रविवारभर तिने घरातली सगळी कामं नेहमीच्या टापटिपीने केली. फक्त आरशासमोरून जाताना ती मान वळवून घ्यायची. संध्याकाळी तिने सासूबाईंना विचारलं, "आई, माझ्या हातून झालं असेल का काही?"

सासूबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असे. "उद्या डॉक्टरांना विचारू," त्या म्हणाल्या, आणि घरात पहिल्यांदाच सगळ्यांना खरी भीती वाटली.

सोमवारी नऊ वाजता तिघंही डॉक्टरांच्या खोलीत हजर. डॉक्टर पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. खुर्च्या दोनच असल्यामुळे नवरा वजनकाट्यावर उभा राहिला. डॉक्टरांनी यादी वाचली, चष्मा खाली घेतला, पुन्हा वाचली.

"हे तुम्ही चेहऱ्याला लावत होतात?"

"रोज."

"यात सगळ्यात जास्त सुगंध आहे. आणि सगळ्यात कमी पाणी. अहो, याला क्रीम म्हणत नाहीत. हे लावून तुम्ही रस्त्याने गेला असता तर लोकांना शिंका आल्या असत्या. शिवाय रेटिनॉल तिसऱ्या नंबरावर असतं तर चेहऱ्याची सालं निघाली असती. तुमचा चेहरा तर चांगला तुळतुळीत आहे. ही यादी केली कोणी?"

"मी सांगितली," ती म्हणाली. मग तिने कागद हातात घेतला आणि बघत राहिली. "मला ती शेवटूनच पाठ आहे," ती हळूच म्हणाली. "मी शेवटूनच वाचते. कामावर."

नवऱ्याने वजनकाट्यावरून वाकून कागद बघितला. "म्हणजे खालून वर?"

"खालून वर."

"आणि आम्ही दोन दिवस दाताला मीठ लावतोय."

सासूबाईंनी छताकडे पाहिलं.

"म्हणजे रेटिनॉल विसावं," डॉक्टर म्हणाल्या. "बरं झालं. पण खरं सांगू का, तिसरं असतं तरी मी तेच सांगितलं असतं. ते क्रीम बंद. बाळ होईपर्यंत बंद, आणि नंतरही मला विचारल्याशिवाय नाही. ही खबरदारी आहे, शिक्षा नाही. मुरुमांसाठी गोळ्या घेत होता का कधी?"

"नाही."

"त्या घेतल्या असत्या तर मी आज अशी बोलले नसते, त्या खरंच घातक. वरून लावलेलं रक्तात उतरतं ते अगदी थोडं. अशा नकळत क्रीम लावलेल्या कितीतरी बायकांची बाळं तपासली गेलीत, धोका वाढलेला दिसलेला नाही."

"म्हणजे माझ्यामुळे काही..."

"नाही."

"नक्की?"

"शंभर टक्के मी कुणालाच देत नाही, माझ्या स्वतःच्या मुलालाही नाही. पण तुमच्या जागी मी असते तर काल रात्री झोपले असते. साधा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, उन्हात जाताना झिंकचं सनस्क्रीन. आणि टूथपेस्ट," सासूबाईंकडे बघत त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी वापरावी. चला, बघू या आत कोण आहे ते."

तिला शेजारच्या पलंगावर झोपवलं. डॉक्टरांनी बाटलीतून थंडगार जेल पोटावर ओतलं आणि यंत्राची मूठ फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर बराच वेळ नुसता करडा धुरळा दिसत होता. मग त्यात एक वालाचा दाणा दिसला, आणि त्या वालाच्या मधोमध काहीतरी फडफडत होतं, कुणाचीही परवानगी न घेता.

"एकशे चौसष्ट ठोके," डॉक्टर म्हणाल्या. "छान. अगदी वेळेवर."

नवरा, जो रोज दहा-बारा मजले अधांतरी लटकून काम करायचा, त्याने पलंगाचा दांडा धरला.

सासूबाई दोन पावलं पुढे आल्या. त्यांनी पडदा बघितला, मग सुनेचं पोट बघितलं, मग ट्रॉलीवरची बाटली.

"डॉक्टर, या जेलमध्ये काय काय असतं?"

"मागे लिहिलंय," डॉक्टर हसून म्हणाल्या आणि बाटली उचलून पलंगाकडे धरली. "घ्या, तुमच्याच लायनीतलं आहे. वाचून दाखवा सासूबाईंना."

तिने बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आई, तुम्हीच वाचा," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "मला वेळ नाही."