सुभद्रा वेच्याला आली नाही

कापूस वेचावा तर सुभद्रेनं! भातकुलीपासून पार अमरावतीच्या बाजारापर्यंत कुणालाही विचारलं असतं, तरी त्या वर्षी हेच उत्तर मिळालं असतं. दोन्ही हातांनी दोन तासं, म्हणजे कपाशीच्या दोन ओळी, एकदम वेचायची ती. पऱ्हाटीवर हात पडला, की बोंडाला कळायच्या आत कापूस ओटीत! त्यात वाळक्या पानाचा तुकडा सापडेल तर शपथ. बाकीच्या बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधापाशी, कंबर सरळ करायला थांबायच्या, तेवढ्यात ही उलटी फिरून अर्ध्या वावरात पोचलेली. वर तोंडानं गाणं चालूच!

आणि वर्षंसुद्धा कशी! सातासमुद्रापार कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली, तिथला कापूस तिथंच अडकला आणि साऱ्या जगाची नजर वऱ्हाडाकडे वळली. अकोल्याच्या आणि अमरावतीच्या वाटांवर बैलबंड्यांची रीघ. ज्याच्या घरी काल कण्या शिजत होत्या, त्याच्या बैलांच्या शिंगांवर आज पितळी शेंब्या चमकत होत्या. अशा दिवसांत चांगली वेचणारी बाई म्हणजे गावाचा दागिनाच. सुभद्रेलाही हे ठाऊक होतं, अगदी चांगलंच ठाऊक होतं.

पण यंदा तिच्या मांडीवर वच्छला होती. तीन महिन्यांची, काळ्याभोर डोळ्यांची, मुठी आवळून झोपणारी.

सासू मैनाबाई ही वेचणाऱ्या बायांची म्होरकी. पहिल्या वेच्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "सुभद्रे, उद्या सीतादही हाये. धागा तूच बांधजो."

सीतादही झाल्याशिवाय वेचा सुरू होत नसे. वावरातली सगळ्यात भरलेली पऱ्हाटी निवडायची, तिच्यावर दहीभात शिंपडायचा आणि ताज्या कापसाचा लांब धागा काढून तिच्याभोवती गुंडाळायचा. धागा जिच्या हातचा, पहिलं तास तिचं. लग्न होऊन आल्यापासून तो मान सुभद्रेचाच होता.

"अन् पोरगी, आत्याबाई?"

"झोळीत. बाकीच्याईची कुठं ठेवतेत?"

शेजारच्या जमुनेनं मग पदराच्या गाठीतून काहीतरी काढून सुभद्रेच्या तळहातावर ठेवलं. "हे घे. मोहरीएवढी अफू. दुधात घासून चाटव. दिवसभर हूं का चूं करत नाई पोट्टी. माह्या पोराले मी रोजच देतो."

यात वाईट काय, असं कुणाच्या मनातही आलं नाही. गावच्या साऱ्या बाया हेच करत होत्या. मैनाबाईनं आपली चार लेकरं अशीच वाढवली होती. त्यांतलाच एक नत्थुजी, सुभद्रेचा नवरा, चांगला धडधाकट होऊन बंडी हाकत होता की!

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्रेनं चाटवलं. धागा बांधला आणि सुटली वाऱ्यासारखी! "अवं माय, हात हायेत का चरक्याची चाकं?" बाया हसून म्हणाल्या. ती अजूनच भरभर वेचू लागली.

दुपारी ती पाजायला बाभळीला बांधलेल्या झोळीपाशी गेली, तर वच्छलेचं तोंड उघडेना. पायाचे तळवे चोळले, गालाला हात लावला. डोळे अर्धे उघडले आणि परत मिटले. मान अशी लुळी, जशी ओल्या फडक्याची.

"वच्छे! वच्छे वं!"

"पहिल्या दिवशी असंच होते," जमुना म्हणाली. "मंग सवय पडते."

सुभद्रेनं ओटीची गाठ सोडली. पांढराशुभ्र कापूस मातीत पडला. वर्षानुवर्षं जिनं एक बोंड खाली पडू दिलं नव्हतं, ती त्या कापसावरून पाय देऊन गावाकडे धावत सुटली! घरी येऊन तिनं लेकीला छातीशी धरलं, हाका मारल्या, ओठांवर दुधाचे थेंब सोडले, परत हाका मारल्या. दिवेलागणीला वच्छलेनं जो टाहो फोडला, तो पार चावडीपर्यंत ऐकू गेला. आणि सुभद्रा? ती रडत रडत हसत होती. इतकं गोड रडणं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

सकाळी ती म्हणाली, "मी येत नाई वेच्याले. अन् अफूबी देत नाई."

"काहून? घरी बसून का अंडे उबवशीन?" मैनाबाई कडाडली.

अंगणात बैल जुंपता जुंपता नत्थुजी हळूच म्हणाला, "राहू दे ना माय."

"तू बंडी हाक!" माय म्हणाली. बिचाऱ्यानं बंडी हाकली.

मग मैनाबाईनं निकाल दिला. "दुसऱ्या वेच्याले आली तं आली. नाई आली तं तुहं तास जमुनेले. कायमचं. मंग मले म्हणू नको."

खरं सांगायचं तर पहिले दिवस फार वाईट गेले. सगळं गाव वावरात. घरात ती, लेक आणि चार कोंबड्या. हात शिवशिवायचे. बसल्या बसल्या ती गोधडीवरचे धागे वेचायची! दुरून बायांचं गाणं ऐकू आलं, की दारात जाऊन उभी राहायची आणि तशीच आत यायची. घरात बसलेली बाई म्हणजे भाकड गाय, असं आजवर तीच तर दुसऱ्यांना चिडवत आली होती.

पण पोरीकडे बघण्याशिवाय दुसरं काम नव्हतं, म्हणून ती बघायला लागली. आणि बाप्पा, काय काय दिसायला लागलं! कवडशात धूळ नाचली की वच्छला श्वास रोखून धरते. कोंबडा आरवला की पाय झाडते, आणि कोंबडी ओरडली तर ढुंकूनही बघत नाही. न्हाऊ घालताना पोटावर पाणी पडलं, की एखाद्या पाटलिणीसारखी कपाळाला आठ्या घालते. आईचा अंगठा पकडला तर सोडतच नाही. सुभद्रा मग एका हातानं भाकरी थापायची. थापली जायची वाकडीतिकडी, पण जायची!

एका दुपारी तव्यावर भाकरी टाकून ती अंगणात अर्धवट फुटलेली बोंडं सोलायला बसली. उजव्या हातानं एक काढलं, फट्! डाव्या हातानं दुसरं, फट्! वच्छलेचे डोळे उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. सुभद्रेनं हात भरभर चालवले, अगदी वावरात चालवायची तसे. आणि वच्छला हसली! नुसते ओठ नाही पसरले, आवाज काढून, पोट हलवून, हसली!

सुभद्रा थबकली. तिच्या हातांचं कौतुक आजवर कितीकांनी केलं असेल, पण असं? तव्यावरची भाकरी कोळसा झाली. तिनं तीच मिठाशी खाल्ली, आणि आजवर इतकी चवीची भाकरी खाल्ली नाही असं तिला वाटलं. संध्याकाळी तिनं नत्थुजीलाही दाखवलं. तो बैलांना पाणी पाजायचं विसरला!

नवी बोंडं फुटली आणि दुसऱ्या वेच्याची सकाळ उजाडली. डोक्याला फडकं गुंडाळून मैनाबाई ओसरीवर आली. "चाल. जमुना वाट पाहून राहिली. धागा तू बांधतं का ते बांधते?"

सुभद्रेच्या हातात बोंड होतं. "तिले बांधू द्या."

"पहिलं तास सोडतं तू?"

"सोडतो."

मैनाबाई बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुभद्रेच्या बोटांत फट् झालं आणि वच्छला खदखदली.

मैनाबाई बघतच राहिली. "एवढीशी हसते? आवाज काढून?"

"रोजच हसते. तुमचे पोरं कवा हसले होते, आत्याबाई?"

टोमणा नव्हता तो, सुभद्रेला खरंच जाणून घ्यायचं होतं. मैनाबाईनं विचार केला. नत्थू चालला कधी ते तिला आठवलं, पहिल्यांदा वखरावर बसला तेही आठवलं. हसला कधी?

"मले नाई माईत वं," ती हळू म्हणाली. "मी तासात होती."

ती खाली बसली. टोपल्यातलं एक बोंड उचलून नातीपुढे धरलं. फट्! वच्छलेनं आजीकडे गंभीरपणे पाहिलं, तोललं, जोखलं, आणि मग हसली.

बाहेर बायांचा घोळका आला. "ओ मैनाबाई, उन्हं वर आली! सुभद्रा येते का नाई?"

मैनाबाई उठून दारात गेली. "नाई येत. कामात हाये."

"असं कोणतं काम काढलं बाप्पा?"

"पोट्टी हसवून राहिली!"

बायांना हसू आवरेना. "हेबी काम झालं का?"

"करून पाह्य एक दिवस, मंग सांग मले!" मैनाबाई खेकसली. "चाल वं जमुने, धागा तू बांधजो."

घोळका पुढे निघाला. पहिलं तास जमुनेचं झालं. सुभद्रेचे हात क्षणभर शिवशिवले, नाही असं नाही. तेवढ्यात गल्लीच्या वळणावरून मैनाबाई एकटीच परत आली, धापा टाकत.

"सुभद्रे, ऐक. मी दुपारी लवकर येतो. तवरोक तिले नवं काईबी करू देऊ नको."

"म्हंजे वं, आत्याबाई?"

"म्हंजे कुशीवर वळन, पालथी पडन, काईबी करन. मी घरी नसताना नाई करायचं. सांग तिले!"

आणि वावराकडे पळाली. सुभद्रा हसत सुटली, आणि तिला हसताना पाहून वच्छलाही.