वाटीभर पाण्याची परीक्षा

मी खाकी लिफाफा बोलतोय. तोंडावर लाखेच्या पाच मोहोरा ठोकल्या होत्या, म्हणून अकरा महिने गप्प बसलो. आता मोहोरा तुटल्यात, आणि राग माझ्या पोटात मावत नाही.

स्टेशनरीच्या दुकानात आम्ही शंभर भावंडं एका गठ्ठ्यात होतो. कुणाच्या वाट्याला निमंत्रणं आली, कुणाच्या वाट्याला नोकरीचे अर्ज. मला पोलीस ठाण्याने नेलं. एका संध्याकाळी हवालदाराने पांढऱ्या पावडरीची पिशवी माझ्यात कोंबली आणि वर लिहिलं, ‘संशयित अमली पदार्थ’.

ती पावडर दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिराच्या थैलीत सापडली होती. माणूस चाळिशीचा, नखांत कायम प्लास्टर अडकलेलं.

“साहेब, तोंडाचा साचा ओतायचं प्लास्टर आहे हो,” तो सांगत होता. “वाटीभर पाणी द्या. चिमूटभर कालवून दाखवतो. अर्ध्या तासात दगड झाला नाही तर खुशाल आत टाका.”

“मुद्देमालाला हात लावायचा नाही,” हवालदार म्हणाला. “काय ते प्रयोगशाळा सांगेल.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे कांकण आत टाकलं आणि आरशाची वाट बघत बसले.

आता हवालदाराचं शहाणपण ऐका. लाखेवर उमटवलेल्या मोहोरेचा एक नमुना वेगळ्या कागदावर पाठवायचा असतो. प्रयोगशाळा तो ताडून बघते आणि मगच लिफाफा फोडते. आमच्या हवालदाराने तो नमुना, हरवू नये म्हणून, माझ्याच पोटात घातला आणि वरून मला सील केलं!

प्रयोगशाळेच्या खिडकीवरच्या कारकुनाने मला उलटंपालटं केलं. “नमुना कुठाय?”

“आत आहे.”

“मग काढा.”

“फोडल्याशिवाय कसा काढू?”

“आणि नमुना बघितल्याशिवाय मी फोडू कसा?”

दोघांचंही बरोबर होतं. कोठडीत बसलेल्या माणसाचं काय, हे मात्र दोघांनीही विचारलं नाही. मी ठाण्यात परत गेलो. मला फोडून पुन्हा सील करायला कोर्टाचा हुकूम लागला, त्यात दोन महिने गेले. या वेळी आतल्या पिशवीची गाठही कुणी धड मारली नाही. प्रयोगशाळेत परत आलो तर रांगेत पुन्हा शेवटी.

ती रांग बघाल तर चक्कर येईल. चार भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर आम्ही लिफाफे, आणि आम्हाला तपासायला दोन बाया आणि एक यंत्र. यंत्र महिन्यातून आठ दिवस आजारी. त्या बायांना मी बोल लावणार नाही, जेवायलासुद्धा त्या आळीपाळीने उठायच्या. पण ज्यांनी तिसरं माणूस नेमलं नाही, दुसरं यंत्र घेतलं नाही, त्यांना एक महिना त्या कोठडीत बसवायला हवं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कारागिराची थोरली बहीण खिडकीशी यायची.

“भाऊ, अहवालाचं काही कळलं का?”

“पोलिसांना विचारा, ताई.”

“पोलीस म्हणतात तुम्हाला विचारा. कोर्ट म्हणतं अहवाल आल्याशिवाय जामीन नाही. तुम्ही तिघं मिळून एकदा ठरवा ना, मी कुणाला विचारायचं ते!”

कारकून पुढच्या माणसाला हाक मारायचा. एकदा ती हलक्या आवाजात म्हणाली, “आमच्या आईची कवळी अर्धी राहिलीय हो. त्याने माप घेतलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला धरलं. आई म्हणते, लावीन तर लेकाच्याच हातची. दुधात पाव कुस्करून खाते. चारचौघांत हसत नाही, बोलत नाही.”

सातव्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या बेसिनचा पाइप गळायला लागला. थेंब थेट माझ्यावर. दोन दिवस मी भिजलो, आणि पोटातलं प्लास्टर घट्ट दगड झालं. जी परीक्षा माणसांनी घेतली नाही, ती गळक्या पाइपाने घेतली! मी ओरडून सांगत होतो, अरे, लागला निकाल, सोडा त्याला! पण लाख लावलेल्या तोंडाचं ऐकणार कोण?

कारकुनाने मला उचललं, टेबलावर टकटक आपटलं. “चांगलाच जड झालाय की,” म्हणाला, आणि पंख्याने उडणाऱ्या फायलींवर मला ठेवून दिलं. पुढचे चार महिने मी कागद दाबत होतो. चार सोमवार ती बहीण माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. भावाची सुटका तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि तिला सांगितलं जात होतं, “अजून नंबर आला नाही, ताई.”

अकराव्या महिन्यात नंबर आला. तपासणाऱ्या बाईंनी मला फोडलं, दगड हातात घेतला आणि कपाळाला हात लावला. “अगं बाई, हे तर प्लास्टर आहे!” तरी त्यांनी रीतसर तपासणी केली. किती वेळ लागला? चाळीस मिनिटं. अहवाल एका ओळीचा: अमली पदार्थ आढळला नाही.

कारागीर सुटला. मुद्देमाल म्हणून मला त्याच्या हातात दिलं, त्याने सही केली. माफी मागायचा रकाना त्या कागदावर नव्हता.

आता मी त्याच्या दुकानातल्या फळीवर आहे. आल्या आल्या त्याने आईची कवळी पुरी केली आणि तिला खुर्चीत बसवून लावून पाहिली. बसेना. वर्षभरात म्हातारीच्या हिरड्या आटल्या होत्या, जुनं माप खोटं ठरलं होतं. त्याने कवळी पुन्हा पुन्हा घासली, पुन्हा पुन्हा लावली. शेवटी आईने त्याचा हात धरला. “राहू दे रे. तू आलास ना.” आणि ती बोळक्या तोंडाने, हात आडवा न धरता हसली. तो मात्र तोंड फिरवून किती तरी वेळ कानस पुसत राहिला.

साहेबलोक, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याही टेबलावर फायली उडू नयेत म्हणून काही तरी ठेवलेलं असेल. ते एकदा उचला आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचा.