जमिनीवरचे अडतीस दिवस

मित्रांनो, माझ्या अंगाला कांद्याचा वास येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच एकमेकांकडे बघणार नाही. मी एका वैमानिकाची जुनी बॅग आहे. काळी, चौकोनी, भरभक्कम. एके काळी माझ्या पोटात नकाशे होते, जाडजूड नियमपुस्तकं होती आणि साहेबांचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, होती. मला उचलताना साहेब 'आई गं' म्हणायचे, पण चार लोक दिसले की मला हातात मिरवत चालायचे.

कारखान्यातल्या जन्माचं काही सांगण्यासारखं नाही. खरी सुरुवात झाली ती कंपनीच्या स्टोअरमध्ये. लहान गावांना जोडणारी छोटी विमानं चालवणारी ही कंपनी. अठ्ठेचाळीस खुर्च्या, दोन पंखे आणि मिळाला तर चहा. साहेब तिथे रुजू झाले तेव्हा पंचावन्नाला टेकले होते, त्याआधी त्यांनी उमेदीची सगळी वर्षं शिकाऊ मुलांना विमान शिकवण्यात घालवली होती. स्टोअरमधला माणूस भारी काटेकोर. त्याने माझ्या आतल्या अस्तराला एक कापडी पट्टी शिवली, तिच्यावर साहेबांचा नंबर, रुजू झाल्या दिवसाची तारीख आणि आपली सही न पुसणाऱ्या शाईने लिहिली, वर शिक्का मारला आणि बॅग हरवली तर भरून द्यावी लागेल म्हणून बजावलं. साहेबांना राग आला. मला मात्र फार बरं वाटलं, कारण अंगावर नाव-गाव असलेली मी आमच्या फळीवरची पहिलीच.

साहेबांना लॉगबुकाचं भारी वेड. विमानाची चाकं हलली की वेळ सुरू, थांबली की बंद. मिनिट न् मिनिट लिहायचे, तेही कोरीव अक्षरात. लग्नाची तारीख दर वर्षी विसरायचे, पण तीन वर्षांपूर्वीच्या मंगळवारी कुठल्या धावपट्टीवर किती वाजता उतरलो, ते झोपेतून उठवून विचारा.

बाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, एकच इच्छा होती. त्यांची ताई दूरच्या शहरात राहायची. तिचे गुडघे गेलेले, बाईंची पाठ गेलेली, आणि आगगाडीने दीड दिवस. सहा वर्षं दोघी बहिणी एकमेकींना नुसत्या फोनवर ऐकत होत्या. विमानाने मात्र दोन तासांचं काम. नोकरीतल्या माणसाला आणि बायकोला फुकट पास होता, पण त्याची रीत अशी की विमानात जागा उरली तर बसायचं, नाहीतर घरी. बाई चार वेळा नटूनथटून विमानतळावर गेल्या आणि चारही वेळा परत आल्या. एकदा शेवटची खुर्ची उरली होती, तर ती ड्यूटीवर निघालेल्या दुसऱ्या वैमानिकाला गेली. बाईंनी डब्यातली पोळीभाजी गाडीत बसूनच खाल्ली आणि साहेबांना वाढली नाही.

मग टॅब आला. माझ्या पोटातली सगळी पुस्तकं त्या पाटीएवढ्या काचेत मावली. साहेबांनी मला फेकून द्यायला काढलं. बाई म्हणाल्या की चांगली धडधाकट बॅग आहे, राहू दे. अशी मी स्वयंपाकघरात ओट्याखाली गेले आणि माझ्यात कांदे भरले गेले. आकाशातून एकदम ओट्याखाली! पहिले काही दिवस मी फार रडले. कांद्यांमुळे असेल म्हणा.

पासष्टावा वाढदिवस जवळ आला. त्या दिवशी वैमानिकाला घरी बसावंच लागतं. कंपनीचा नियम असा की दहा वर्षं पूर्ण भरली तरच निवृत्ती निधीतला कंपनीचा वाटा आणि दोघांना जन्मभराचा पास. एक दिवस कमी पडला तरी हात हलवत घरी. साहेब निर्धास्त होते. आणि इथेच माशी शिंकली.

मधल्या काळात एका मोठ्या कंपनीने ही कंपनी विकत घेतली होती आणि ऑफिस हलवताना जुनी कागदपत्रं गहाळ झाली होती. कॉम्प्युटरवर साहेबांच्या पहिल्या उड्डाणाची तारीख तेवढी होती. तिथून मोजलं तर एकवीस दिवस कमी. ऑफिसातल्या मॅडम भल्या होत्या. नोकरी रुजू झाल्या दिवसापासूनच धरतात, त्या दिवसाचा काही पुरावा आणा, असं त्यांनी समजावलं. नेमणुकीचं पत्र साहेबांनी इतकं जपून ठेवलं होतं की कुठे ठेवलं तेच आठवेना. मग त्यांनी रुबाबात लॉगबुक उघडलं. पहिल्या उड्डाणाआधी अडतीस दिवस ते वर्गात बसून शिकत होते. त्या अडतीस दिवसांचं लॉगबुकात अक्षरही नव्हतं.

घरी येऊन साहेब ओट्याला टेकून उभे राहिले. बाई माझ्यासमोर पाटावर बसून कांदे निवडत होत्या.

"अहो, अडतीस दिवसांत एकदाही काही लिहावंसं वाटलं नाही?"

"अगं, जमिनीवरचं कोण लिहितं?"

बाईंनी हातातला कांदा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मग मी तर तुमच्या वहीत कुठेच नसणार. माझा सगळा संसार जमिनीवरच झाला."

बाईंनी रागाच्या भरात मला उचललं, उलटं केलं आणि जोरात झटकलं. कांदे घरभर पळाले. फाटकं अस्तर बाहेर आलं आणि त्याला चिकटलेल्या सालींमधून माझी पट्टी डोकावली. नंबर, तारीख, सही, शिक्का. बाईंनी ती पदराने पुसली आणि दोनदा वाचली. मग त्या जागच्या उठल्याच नाहीत, तिथेच बसून हसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाई मला स्वतः हातात धरून ऑफिसात गेल्या. मॅडमनी पट्टी वाचली, दोन शिंका दिल्या आणि तारीख मान्य केली. दहा वर्षं आणि वर सतरा दिवस!

निवृत्तीनंतरच्या आठवड्यात आम्ही तिघं विमानतळावर गेलो, लॉगबुक पुन्हा माझ्या पोटात. आता तर आमचा नंबर सगळ्यांत शेवटी, कारण निवृत्तांच्या आधी नोकरीतले. तरी एक खुर्ची उरली. एकच. साहेबांनी क्षणभर विमानाकडे पाहिलं, मग बायकोच्या हातात पास दिला. "जा. ताई वाट बघत असेल."

विमान उडालं. साहेब मला मांडीवर घेऊन खिडकीशी बसून राहिले. दोन तास ना चहा, ना वर्तमानपत्र. पोचल्याचा फोन आला. चाकाच्या खुर्चीत बसून विमानतळावर न्यायला आलेली ताई एवढी रडत होती की बाईंचं बोलणं ऐकूच येईना. फोन ठेवल्यावर साहेबांनी माझ्यातून लॉगबुक काढलं, शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख घातली आणि कोरीव अक्षरात लिहिलं : 'ती हवेत, मी जमिनीवर. दोन तास पाच मिनिटं.'

मित्रांनो, जुनी बॅग फेकायच्या आधी एकदा उलटी करून बघत जा. आणि घरात तुमची वाट बघणारं कोणी असेल, तर त्याच्यासाठी वहीचं एखादं पान आधीपासूनच राखून ठेवा. आमच्या साहेबांना मिळालं ते अगदी शेवटचं होतं.