गळती बंद झाल्याची तक्रार

माणसाने स्वतःच्या पायांवर उभं राहावं, कुणाच्या आधाराने चालू नये, यातच खरी प्रतिष्ठा आहे, असं शहाणी माणसं सांगत आली आहेत. ताईंनी ते मनावर घेतलं होतं. गेले सात आठवडे त्या घरापासून ऑफिसपर्यंत कुणाचाही आधार न घेता चालत होत्या. आधार होता तो फक्त एका गळक्या व्हॉल्व्हचा.

ताई पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या फोनवर बसत. चार वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. एकदम गेली नाही. खात्यातल्या कामांसारखी टप्प्याटप्प्याने गेली. मग खात्याने त्यांना फायलींवरून उचललं, फोनवर बसवलं आणि समोर बोलका संगणक ठेवला. लोक पलीकडून शिव्या घालत, ताई टाइप करत, संगणक तेच वाक्य शिव्या वगळून वाचून दाखवी, आणि ताई म्हणत, “आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.” हे वाक्य त्या इतकं आपुलकीने म्हणत की, पाणी आलंच, असं समजून काही जण फोन ठेवत.

घरी दादा आणि वहिनी. दादा ताईंपेक्षा सहा वर्षांनी मोठा आणि त्यांना अजून ‘छोटे’ म्हणणारा. छोटी त्रेचाळीस वर्षांची होती. नजर गेल्यापासून दादा तिला स्कूटरवरून ऑफिसात सोडत असे. दादाची नोकरी आठची, ताईंचं ऑफिस दहाचं. त्यामुळे सकाळी पावणेआठला ताई वॉचमनच्या बाकावर येऊन बसत आणि त्याच्या गुडघ्यांची खबरबात ऐकत. संध्याकाळी ऑफिस साडेपाचला सुटे, दादा पावणेसातला येई, तोवर पुन्हा गुडघे. चार वर्षांत ताईंना त्या गुडघ्यांची इतकी माहिती झाली होती की डॉक्टरनेही त्यांचाच सल्ला घ्यावा. दादाला दुखवायचं नव्हतं, पण दिवसाचे साडेतीन तास दुसऱ्याच्या गुडघ्यांवर घालवायला माणूस जन्माला येत नाही, असं त्यांचं मत होत चाललं होतं.

म्हणून त्यांनी काठी शिकून घेतली. शिकवणारे काठीमास्तर स्वतः तीस वर्षं अंध होते आणि शहरातले सगळे खड्डे त्यांना पाठ होते. दीड महिन्यात त्यांनी ताईंना रस्ता बसवून दिला. फाटकातून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला भिंत. पुढे लॉण्ड्रीची गरम वाफ. मग ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. त्यानंतर कोपऱ्यावरच्या चेंबरमधल्या व्हॉल्व्हची ‘सुंऽऽ’ आणि चपलेखाली पाण्याचा ओघळ. तिथे उजवीकडे वळायचं, छोटा रस्ता ओलांडायचा, की ऑफिस.

“बाकी सगळं ठीक,” काठीमास्तर म्हणाले होते, “पण या गळतीवर विसंबू नका. कधीतरी दुरुस्त होईल.”

ताईंना हसू आलं होतं. त्या व्हॉल्व्हबद्दल तीन वर्षांत दोनशे चौदा तक्रारी आल्या होत्या आणि दोनशे चौदाही त्यांनी स्वतः नोंदवल्या होत्या. एकही दाबली नाही. गरजच नव्हती. खात्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

दादाची अट एकच होती. तीन महिने चालून बघ. एकदा जरी काही झालं तरी स्कूटर. सात आठवडे काही झालं नाही. आठव्या आठवड्याच्या सोमवारी ताई फाटकातून निघाल्या. भिंत झाली, वाफ झाली, गुणगुण झाली. मग ‘सुंऽऽ’ यायला हवं होतं. आलं नाही. आज आपण हळू चालतोय, असं म्हणून ताई पुढे गेल्या. मग आणखी पुढे गेल्या. डावीकडची भिंत संपली. पायाखालची जमीन एकाएकी गुळगुळीत झाली, उतार नाही, काठ नाही, काठीला काहीच लागेना. नाकात तेलकट वास शिरला.

तो पेट्रोल पंप होता. पंपाला कठडा नसतो. गाड्यांना चारी बाजूंनी शिरता यावं अशीच त्याची बांधणी असते. माणसं चारी बाजूंनी शिरू नयेत, याचा विचार कुणी केलेला नसतो. ताई थांबल्या. उजवीकडून एक स्कूटर काठीच्या टोकावरून गेली. डावीकडे एक गाडी कचकन थांबली, इतकी जवळ की इंजिनाची ऊब साडीला लागली. ताई जागच्या हलल्या नाहीत. मागे कुणाचा तरी हॉर्न वाजला आणि मग रांग एक जागा पुढे सरकली, तेव्हा त्याही सरकल्या.

“किती टाकू?” समोरून आवाज आला. पंपवाला सकाळपासून मान वर न करता विचारत होता. मग त्याने मान वर केली. “अहो, तुम्ही? आमच्या स्कूटरवाल्या दादांच्या बहीण ना?”

पंपवाला चांगला माणूस होता. त्याने ताईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नको म्हणत असताना दादाला फोन केला. चांगल्या माणसांचा हाच त्रास असतो. दादा अकरा मिनिटांत आला. हेल्मेट न काढताच म्हणाला, “बस.”

रात्री जेवताना दादाने विषय काढला नाही. तो वहिनींनी काढला.

“ठरलं होतं,” दादा म्हणाला. “एकदा काही झालं की स्कूटर.”

“झालं काय? पंपावर पोचली,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही चार वेळा पंपावर न पोचता वाटेतच बंद पडलात. तुमची स्कूटर काढून घेतली का कुणी?”

“पेट्रोल संपणं वेगळं.” दादाने घास खाली ठेवला. “गाडी दोन बोटांवर थांबली, पंपवाला म्हणाला. दोन बोटं, छोटे.”

ताईंनी पुढचा घास घेतला. त्यांच्या हिशेबाने ते एक बोट होतं.

“दादा,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “रविवारी तू माझ्या मागून चल. बोलायचं नाही, हात धरायचा नाही. मी नीट पोचले तर तुझी अट तू मागे घे. नाही पोचले तर मी जन्मभर स्कूटरवर बसेन आणि कुरकुर करणार नाही.”

“कुरकुर करणार नाही?” वहिनींना हे फार वाटलं.

“जन्मभर,” ताई म्हणाल्या. दादाने मान हलवली. मग ताईंना ते दिसत नाही हे आठवून “बरं” म्हणाला.

मंगळवारी पावणेआठला ताई पुन्हा बाकावर होत्या. डावा गुडघा सुधारत होता, उजव्याचं काही सांगता येत नव्हतं. दहा वाजता त्यांनी चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. खात्यात एक नवे साहेब आले होते. वय सव्वीस. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तक्रारींचं रजिस्टर उघडून वाचलं होतं. असं पूर्वी कुणी केलं नव्हतं, त्यामुळे त्यांना अडवायचं कुणी, हेही ठरलेलं नव्हतं. दोनशे चौदा तक्रारी पाहून साहेबांना लाज वाटली आणि शनिवार-रविवारी स्वतः उभं राहून त्यांनी व्हॉल्व्ह बदलून घेतला.

ताईंनी काठीमास्तरांना फोन लावला.

“मी सांगितलं होतं,” काठीमास्तर म्हणाले. हे वाक्य म्हणायला मिळालं की ते दहा वर्षांनी तरुण होत. “आवाज म्हणजे पाहुणा, ताई. आला तर आला. पायाखालचं ते घरचं. पायाखाली काय आहे त्या कोपऱ्यावर?”

“आधी चेंबरवर लोखंडी झाकण होतं. ते खचलं होतं. आता सिमेंटचं टाकलंय म्हणतात.”

“सिमेंटच्या फूटपाथवर सिमेंटचं झाकण. म्हणजे काठीला काय कळणार? लोखंड मागा.”

ताईंनी फोन ठेवला, संगणक सुरू केला आणि तक्रार क्रमांक दोनशे पंधरा नोंदवली. तक्रारदार: स्वतः. विषय: गळती बंद केल्यामुळे झालेली गैरसोय. संगणकाने ती वाचून दाखवली. तिच्यातून वगळण्यासारखं काही नव्हतं.

अर्ध्या तासात नवे साहेब टेबलाशी हजर. शाबासकी अपेक्षित असलेला माणूस ज्या पावलांनी येतो, तशी ती पावलं दारापाशी जोरात वाजली आणि टेबलापाशी हळू झाली.

“ताई, ही तक्रार… गळती बंद झाल्याची आहे.”

“हो. नोंदवून घेतली आहे.”

मग ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. भिंत, वाफ, गुणगुण, पंप. गाडीचं सांगताना एकच बोट सांगितलं. घरी बोलायचं नव्हतं, ते ऑफिसात बोलून टाकलं.

“चुकलंच माझं,” साहेब म्हणाले. “मी तिथे एक मोठा बोर्ड लावतो. ‘इथे वळा.’”

ताईंनी काठी उचलून टेबलावर ठेवली. साहेबांना ते चार सेकंदांत कळलं. खात्याच्या मानाने हे जलद होतं.

“पुन्हा गळती तर मी करू शकत नाही,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

“ते काम आपल्याकडे आपोआप होतं. तुम्ही मला झाकण द्या. लोखंडी. काठी आपटली की वाजणारं.”

“लोखंडी झाकणं चोरीला जातात. मग चेंबर उघडं, आणि तुम्ही…”

“म्हणून बिजागरी आणि कुलूप. आणि चेंबर वळणाच्या दोन पावलं अलीकडेच आहे, तेवढं आधी कळलं की मला पुरे.”

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. पेन्सिलीचा आवाज ताईंना आवडला. या इमारतीत बोलणं ऐकून कुणी लिहीत नसे. पंपाच्या कडेला कठडा घालता येईल का, हेही त्यांनी विचारलं, पण कठडे दुसऱ्या खात्याकडे होते आणि ते खातं तिसऱ्या मजल्यावर होतं.

बुधवारी दोघं भांडारात गेले. भांडारपालाने झाकण दाखवलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “हे घेऊ नका. बिजागरीचं आहे खरं, पण बसत नाही नीट. पाय पडला की वाजतं.”

ताईंनी काठी आपटली. टण्ण. भांडारातले उंदीर पळाल्याचंही ऐकू आलं.

“हेच,” ताई म्हणाल्या.

“अहो, लोक तक्रार करतील आवाजाची.”

“करू देत. माझ्याकडेच येते.”

मागणीच्या अर्जावर ‘कारण’ असा रकाना होता. साहेबांनी बराच विचार करून ‘आवाज’ असं लिहिलं. भांडारपालाने पंचवीस वर्षांत ‘खराब झाले’ याखेरीज दुसरं कारण पाहिलं नव्हतं. त्याने तो अर्ज दोनदा वाचला आणि मग सही केली. शनिवारी संध्याकाळी झाकण बसलं. साहेब पुन्हा स्वतः उभे राहिले.

रविवारी सकाळी ताई निघाल्या. काठीला नवं टोक बसवलं होतं. मागे दहा पावलांवर दादा. त्याच्या डाव्या चपलेचा अंगठा सुटलेला होता, त्यामुळे तो किती मागे आहे ते ताईंना बोटावर मोजून सांगता आलं असतं. भिंतीपाशी एक सायकल येत होती. दादा खोकला. लॉण्ड्रीपाशी एक टेम्पो उभा होता. दादा पुन्हा खोकला.

“दादा,” ताई मागे न वळता म्हणाल्या, “खोकला असेल तर घरी जा. वहिनी काढा देतील.”

त्यानंतर दादा खोकला नाही. तो ताईंच्या पावलांकडे, काठीच्या टोकाकडे टक लावून चालू लागला. बहीण पडली तर झेप घेता यावी म्हणून त्याने दोन्ही हात पुढे धरले होते, असं लॉण्ड्रीवाल्याने नंतर सांगितलं. दादा डोळस होता, त्यामुळे समोर बघायची त्याला कधी गरज पडली नव्हती. ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाचं उघडं दार त्याच्या कपाळाला लागलं. आवाज मोठा झाला.

ताई थांबल्या. “लागलं?”

“नाही,” दादा म्हणाला. लागलेला माणूस ज्या आवाजात म्हणतो, त्या आवाजात.

ताई पुढे निघाल्या. गुणगुण मागे पडली. आता काही ऐकू येणार नव्हतं. एक पाऊल, दोन, तीन. काठी सिमेंटवर ठक ठक. छातीत त्याहून जोरात. आपण पुढे तर नाही ना आलो, असं त्यांना वाटलं आणि पाय अडखळणार इतक्यात काठीखाली टण्ण झालं. ताईंनी काठी पुन्हा आपटली, गरज नसताना. मग दोन पावलं पुढे जाऊन त्या उजवीकडे वळल्या, काठाशी थांबल्या, दोन्ही बाजूंच्या गाड्या ऐकल्या, एक जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली आणि रस्ता ओलांडून ऑफिसच्या फाटकाला हात लावला. फाटक रविवारचं बंद होतं. वॉचमन आतून म्हणाला, “आज कशाला आलात?”

दादा मागून आला. कपाळावर टेंगूळ होतं, ते ताईंनी हात लावून पाहिलं.

“वाटेत काय दिसलं?” त्यांनी विचारलं.

“दार सोडून सगळं,” दादा म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, “अट गेली. पण छोटे, मी ऑफिसातल्या गोष्टी आता कुणाला सांगू? तुझी वहिनी ऐकत नाही.”

हे ताईंना चार वर्षांत सुचलं नव्हतं. स्कूटरवर दादा पूर्ण वाटभर त्याच्या ऑफिसातल्या साहेबांची निंदा करत असे, आणि ताई ती वाऱ्यावर सोडून देत.

“शुक्रवारी संध्याकाळी ये न्यायला,” त्या म्हणाल्या. “आठवड्याची सगळी निंदा एकदम कर.”

सोमवारी ताई एकट्या निघाल्या आणि दहाला पाच कमी असताना पोचल्या. वॉचमनने गुडघ्यांची गोष्ट सुरू केली, तेव्हा त्यांनी मनगटावरचं बोलकं घड्याळ दाबून वेळ ऐकली आणि सरळ आत गेल्या. पुढचा आठवडाही तसाच गेला. त्याच्या पुढचाही. पंधरा दिवसांनी काठीमास्तर तो रस्ता तपासायला आले, झाकणावर तीन वेळा काठी आपटली आणि म्हणाले की असं झाकण शहरात आणखी सहा कोपऱ्यांवर हवं. नव्या साहेबांनी तेही लिहून घेतलं. भांडारात वाजणारी झाकणं भरपूर होती.

तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी अकरा वाजता फोन आला. त्या कोपऱ्यावरच्या चेंबरमधून पाणी वाहत होतं.

“आपली तक्रार नोंदवून घेतली आहे,” ताई म्हणाल्या, आणि टेबलाखाली ओल्या चपला काढून ठेवल्या. दुरुस्ती पंचवीस दिवस टिकली होती.