तांब्यात उरलेलं पाणी

रामू भाऊजी माघात गेले. घरात, झोपेत. समुद्रानं त्यांना कधी दगा दिला नाही. वैशाखात त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी जाऊ हिराबाई, आमची ताई, बोंबील वाळत घालता घालता काठ्यांखालीच बसली आणि उठेना. ओठ पांढरे पडलेले, जीभ कोरडी.

डहाणूच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सलाईन लावून म्हणाल्या, "किडनीवर ताण आलाय. पुन्हा असं झालं तर कठीण आहे. दिवसभर पाणी का नाही प्यायलात, मावशी?"

"तहानच नाय लागली."

"तहान सगळ्यांना सारखी लागत नाही. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी, त्यात वय झालं की आणखी मंदावते. तुम्ही तिची वाट बघू नका. घड्याळ बघून प्या."

ताई हसली. घड्याळ तिनं कधी बघितलंच नव्हतं. तिची तहान होडी बघायची.

लग्न होऊन ती आमच्या धाकटी डहाणू गावात आली तेव्हा सासूबाईंनी तिला नेम घालून दिला होता. नवरा समुद्रात असला की बाईनं पाणी तोंडाला लावायचं नाही. होडी खाडीत शिरली की मग प्यायचं. शिवाय वाळवणीच्या जागेवर बायकांना लघवीला आडोसा तरी कुठे होता! भाऊजी चिडवायचे, "नेम देवाचा, न् सोय हिची."

त्यांचं स्वतःचं सरळ होतं. होडीवर पाण्याचं पिंप असायचं, घाम आला की प्यायचे. तरी किनाऱ्याला उतरल्यावर तिच्या हातचा तांब्या लागायचाच. थोडं पिऊन तांब्या तिला परत द्यायचे. त्यांचा घसा हललेला दिसला की ताईला तहान लागायची. "बघा, आता लागली हिला," ते सगळ्यांदेखत म्हणायचे आणि ती लाजून पाठ करून प्यायची.

ते गेल्यावर ती होडी यायच्या वेळी किनाऱ्यावर जायची थांबली. दवाखान्यातून घरी आणल्यावरही मी पेला पुढे केला की म्हणे, "ठेव तिथं." संध्याकाळी पेला तसाच असे, वर माशी.

मग मला एक सुचलं. ती पाण्याला नाही म्हणते, तीर्थाला कशी म्हणेल? सकाळची पूजा झाली की पळीभर दिलं. दुपारी परत पळीभर, मग वाटीभर. आणखी एक वाटी नेली तेव्हा माझ्याकडे बघत म्हणाली, "अगं पूर्वी, तुझा देव दिवसातनं किती वेळा आंघोळ करतो?"

वाटी मी परत नेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं तीर्थालाही नुसतं बोट लावलं.

सोमवारी तिला उभं राहिलं की भोवळ यायला लागली. माझा सोमवार निर्जळ असतो, संध्याकाळी महादेवापुढे दिवा लावेपर्यंत. लग्नाआधीपासून कधी मोडला नव्हता. मी तांब्या भरला, तिचा हात धरला आणि भरतीच्या वेळेला तिला किनाऱ्यावर नेलं. होडी आता तिचा मुलगा जिग्नेश चालवतो.

होडी खाडीत वळली. ताईनं माझ्या हातातून तांब्या घेतला, पदरानं त्याचा काठ पुसला आणि पुढे झाली. जिग्नेश गुडघाभर पाण्यात उतरला. तिनं तांब्या पुढे केला.

"राहू दे आई, माझ्याकडे आहे." त्यानं बाटली तोंडाला लावून रिकामी केली आणि टोपल्या उतरवायला वळला. पोराची काही चूक नव्हती. त्याला काय ठाऊक.

तिचा हात तसाच राहिला. तांब्यातलं पाणी हलत होतं.

"ताई, इकडे दे."

"आज सोमवार ना तुझा?"

"हो."

महादेवाला मनातल्या मनात सांगितलं आणि मी तांब्या तोंडाला लावला. ताई माझ्या घशाकडे बघत होती. पहिल्या घोटाला मला वाटलं, थोडंच प्यावं. पण दिवसभराचा उपास आणि वैशाखाचं ऊन. जरा जास्तच प्यायलं गेलं.

तिनं तांब्या घेतला, आत बघितलं. मग पाठ करून प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत. पिऊन झाल्यावर तिथंच वाळूत बसली, रिकामा तांब्या मांडीवर घेऊन.

"ते यापेक्षा जास्त ठेवायचे," ती म्हणाली.

"हो ताई," मी म्हटलं. "उद्या कमी पिईन."