खुर्चीच्या चाकाखाली

मित्रांनो, मी एक जुना डीबगर आहे. काड्यापेटीहून जरासा मोठा, काळा डबा. माझी एक वायर कॉम्प्युटरला लागते, दुसरी चपटी वायर इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाला. बोर्डावरच्या चिपमध्ये प्रोग्रॅम माझ्यातून जातो. सगळं नीट जोडलं गेलं की माझा हिरवा दिवा लागतो. महाळुंग्यातल्या एका छोट्या कंपनीत हर्षाली नावाच्या इंजिनियर मुलीच्या टेबलावर मी बरीच वर्षं काम केलं.

एकदा रावेतची बस चुकेल म्हणून ती घाईने उठली. माझी चपटी वायर खाली लोंबत होती. खुर्चीचं चाक त्या वायरीवरून गेलं. हर्षालीने वायर उचलून चोळली, मला खणात टाकलं आणि ती पळाली. वरून काही दिसत नव्हतं, पण आतली एक तार तुटली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत काम करणाऱ्या धम्मपालदादाने त्याचा नवा बोर्ड आणला. इलेक्ट्रिक टेम्पोच्या बॅटरीसाठी त्याने महिनोन्‌महिने खपून केलेला तो एकुलता एक नमुना होता. संध्याकाळी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. हर्षालीने मला जोडलं. स्क्रीनवर आलं, 'बोर्ड सापडत नाही.' वायर हलली की दिवा लागायचा आणि लगेच विझायचा.

"वायर बघितलीस का गं?" दादाने विचारलं.

तिची बोटं माझ्यावर थबकली. सगळे भोवती उभे होते.

"बघितली. बोर्डातच काहीतरी सुटलंय, दादा."

"मग माझंच सोल्डरिंग कच्चं राहिलं असेल," म्हणत चिप काढून पुन्हा बसवायला त्याने गरम हवेची गन उचलली. चिप निघाली, पण तिच्याबरोबर खालचं तांबंही उखडून आलं. "गेला बोर्ड," तो हळूच म्हणाला. दोष माझ्या वायरीत होता आणि शिक्षा त्याला झाली. मी सांगणार तरी कसं?

हर्षालीने कपाटातला एक जुना, चालता बोर्ड काढला आणि मला लावला. तोही सापडेना, म्हणजे बिघाड वायरीतच होता. ती तशीच दादाकडे गेली.

"दादा, तुझा बोर्ड चांगला होता. काल वायरवरून माझ्या खुर्चीचं चाक गेलं होतं. मी खोटं बोलले."

त्याने उखडलेली चिप टेबलावर ठेवली. "मी विचारलं होतं गं तुला," एवढंच तो म्हणाला.

गिऱ्हाइकाला फोन तिनेच केला आणि चूक आपली आहे हे सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, नवा झाला की कळवा." नवा बोर्ड करायला दादाबरोबर तीही बसली. जेवणाच्या सुट्टीतही ती उठायची नाही.

मित्रांनो, आमच्या वायरी लोंबत ठेवू नका, नीट गुंडाळून ठेवा. आणि कुणी काही विचारलं, तर जे घडलं तेच सांगा. मला आता नवी वायर आहे. पण बोर्डाला जोडायच्या आधी दादा हात पुढे करतो. हर्षाली मान खाली घालून वायर त्याच्या हातात देते, आणि तो ती टोकापासून टोकापर्यंत स्वतः तपासतो.