चांगुणाचा पाईप

आमच्या सहादूचा ऑर्गन उभा राहिला असता, तर त्याचा आवाज भंडारदऱ्यापर्यंत गेला असता आणि तिथं चहा पिऊन परत आला असता. खोटं वाटत असेल तर राहुरीत कुणालाही विचारा. फक्त मी सांगितलं म्हणू नका.

सहादू साखर कारखान्यातून रिटायर झालेला वेल्डर. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचा. त्याची बायको चांगुणा बायकांच्या बाजूनं गायची. ती वारली आणि त्याला पेटी अपुरी पडू लागली. मोबाईलवर त्यानं पाईपांचा ऑर्गन पाहिला. पीव्हीसी पाईपांना आमच्या गावात तोटा नाही. वेल्डर माणूस कागदावर काढत बसत नाही. त्यानं अंगणातच फक्कीनं खऱ्या मापाचा आराखडा आखला. अंगण पुरेना, तेव्हा सगळ्यात लांब पाईपाची रेघ माझ्या गोठ्यात शिरली. म्हैस बिचारी रेघ सोडून बसू लागली.

मधली एक जागा मात्र मोकळी होती. तिथं चांगुणाच्या आवाजाचा पाईप यायचा होता. तो जमला की बाकीचे त्यावरून बेतायचे.

पाईप आखूड केला की सूर चढतो. सहादू फुंकायचा, करवतीनं जरासा कापायचा, परत फुंकायचा आणि मला विचारायचा.

"आली का, आप्पा?"

"खाली हाय अजून."

"आता?"

"आता वर गेली की रं."

दर पाईपाला हेच. दोन कापांच्या मधून ती निसटायची.

"तुमाला तरी तिचा आवाज ठावं हाय का?" तो एकदा चिडला. "चर्चमधी तर पेंगत असता."

"पेंगतानाच तर नीट ऐकू यायचा."

तो हसला नाही.

"सॉकेट लावून वाढव की मग," मी म्हणालो.

"जोड ऐकू येतो, आप्पा."

अखेर एकच अख्खा पाईप उरला. त्यानं खूण केली, करवत टेकवली आणि तशीच खाली ठेवली.

"का रं?"

"ह्यात हाय ती. कापला की हुकनार."

पाईप भिंतीला टेकून उभा राहिला आणि ऑर्गन तिथंच संपला. आराखडा पावसात धुऊन गेला. म्हैस मात्र अजून रेघ सोडूनच बसते.

संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात बसतो. वारं सुटलं की पाईप घुमतो आणि सहादू मान वर करतो.

"खाली हाय अजून," मी म्हणतो.

"असू द्या," तो म्हणतो.